वाडा पडण्याआधी मोजून घ्या

वाचकाचं पत्र

"आम्ही नारायण पेठेतले. एकेकाळी आमच्या बोळात आठ वाडे होते. त्यातला एक पानशेतच्या पुरात गेला, बाकीच्यांच्या एकेक करत इमारती झाल्या. आता आमचा आणि समोरचा असे दोनच उरलेत. आमचा वाडा विकसनाला दिला आहे. करार झालाय, जानेवारीअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. चार हिस्सेदार आणि पाच बिऱ्हाडं, त्यामुळे वाडा राखता येणार नाही हे मी मान्य केलंय. पण आमच्या वाड्याची आणि गेलेल्या सहा वाड्यांची नीट नोंद व्हावी असं फार वाटतं. मोजमापातलं मला काही कळत नाही. हाताशी फोन आहे, दोन भाचे आहेत आणि सुट्टीचे दिवस आहेत. सुरुवात कुठून करू? काका म्हणतात वाडा पेशवेकालीन आहे, ते कसं पडताळायचं? कोरीव खांब ठेवून घ्यावेत का? आणि हे सगळं शेवटी द्यायचं कुणाकडे?"
– एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, नमस्कार.

अशा कामाला निघालेले बहुतेक जण आधी पेशवे दफ्तराची, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांच्या संग्रहाची, वाट धरतात, आणि तिथेच क्रम चुकतो. दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुढच्या वर्षीही तिथेच असतील. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयातली मालमत्ता पत्रकंही (प्रॉपर्टी कार्ड) कुठे जात नाहीत. जानेवारीनंतर मिळणार नाहीत अशा गोष्टी दोनच: उभा वाडा, आणि त्यात एकत्र राहणारी माणसं. जागा रिकामी झाली की पाच बिऱ्हाडं पाच दिशांना जातात, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसांना एका ओसरीवर बसवून "ही भिंत कधी घातली हो?" असं विचारायची सोय कायमची संपते. म्हणून आधी माणसं, मग मोजमाप आणि फोटो, मग गेलेले सहा वाडे. दफ्तरातलं काम फेब्रुवारीपासून सावकाश करा.

त्याआधी या आठवड्यात दोन कामं उरका. महापालिकेच्या हेरिटेज विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन वाडा वारसा यादीत आहे का, असल्यास कुठल्या ग्रेडमध्ये, हे विचारा. यादीत असेल तर पाडण्याआधी वारसा समितीच्या परवानगीचा प्रश्न येतो. करार झालाय म्हणजे कुणीतरी हे तपासलंच असेल असं धरून चालू नका.

दुसरं काम विकसकाकडून तीन गोष्टी लेखी घेण्याचं. करार झाला असला तरी पुरवणी करार करता येतो, निदान सहीचं पत्र तरी घ्या. जागा रिकामी झाल्यावर आणि पाडकाम सुरू होण्याआधी तुम्हाला आठ दिवस आत जाता यावं. पाडकामाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख आधी कळावी. आणि ठरवून दिलेले भाग, म्हणजे अमुक खांब, अमुक चौकट, तुमच्या मालकीचे राहावेत. हे तिसरं कलम आताच का, तर पाडकामाचा ठेका ठरताना लाकूड, लोखंड, घडीव दगड यांची किंमत ठेकेदार आधीच हिशेबात धरतो. ठेका झाल्यावर खांब मागायला गेलात तर त्याच्या दृष्टीने तो त्याचा माल असतो, आणि वाद तुमच्या अंगावर येतो.

आता माणसं. भाडेकरूंकडे जाताना पहिल्याच वाक्यात सांगा, की ही नोंद वाड्याच्या इतिहासासाठी आहे, जागेच्या हक्काशी आणि क्षेत्रफळाशी तिचा संबंध नाही. पुनर्विकासात कुणाला किती चौरस फूट हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, आणि टेप घेऊन फिरणाऱ्या मालकाच्या माणसाकडे संशयानेच पाहिलं जातं. नकाशावर बिऱ्हाडवार क्षेत्र लिहू नका. नकाशा झाल्यावर त्याची एकेक प्रत पाचही बिऱ्हाडांना द्या. एवढं केलंत तर बंद खोल्यांची दारं उघडतात.

"तेव्हा वाडा कसा होता?" या प्रश्नाला "फार छान होता" यापलीकडे उत्तर येत नाही. मोठ्या कागदावर तळमजल्याचा ढोबळ आराखडा काढून आजोबा-आजींच्या पुढ्यात ठेवा, हातात पेन्सिल द्या आणि रोजच्या कामांबद्दल विचारा. पाणी कुठून भरायचे? आडाला रहाट होता की नुसता दोर? पंगत कुठे बसायची? बाळंतिणीची खोली कुठली? उन्हाळ्यात कोण गच्चीवर आणि कोण चौकात झोपायचं? कुलूप कुठल्या खोलीला असायचं? पुरुष माणसं दिंडी दरवाजा आणि दिवाणखाना छान सांगतात. माजघर, कोठीची खोली, मोरी आणि परस यांची माहिती बायकांकडेच असते, म्हणून त्यांच्याशी वेगळं बोला. एकत्र बसवलं तर एकच जण बोलतो. भाडेकरूंचा वाडा मालकांच्या वाड्याहून निराळा असतो, तोही तितकाच नोंदवा. कुठल्या वर्षी ओसरीला फळ्या मारून खोली केली, कुठल्या जिन्याखाली नवा संसार थाटला, हे त्यांनाच ठाऊक असतं.

वर्षं कुणाला आठवत नाहीत, मोठ्या घटना आठवतात. "१२ जुलै १९६१ला, पानशेतच्या पुरात, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं?" "कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, तेव्हा ही भिंत होती का?" अशा प्रश्नांनी काळ बराच नेमका करता येतो. पुराच्या पाण्याची रेघ एखाद्या भिंतीवर अजून दिसत असेल तर तिची जोत्यापासूनची उंची मोजून ठेवा. एक बैठक सवा तासापेक्षा लांबवू नका. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तारीख, नाव आणि ठिकाण मोठ्याने बोला, शेवटी "हे इतरांना ऐकवलं तर चालेल ना?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्याच ध्वनिमुद्रणात असू द्या.

मोजमापाला घाबरू नका. एका चौकाचा दुमजली वाडा तिघांनी मिळून दोन दिवसांत मोजून होतो. ३० मीटरची फायबर टेप, ५ मीटरची पोलादी टेप, ओळंबा, खडू, टॉर्च, आणि पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले मोठे आलेखकागद एवढं पुरतं. लेझर मीटर मिळाला तर उंचीसाठी उत्तम, पण चौकातल्या उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही आणि मधल्या खांबावर पडला तर चुकीचा आकडा देतो. म्हणून महत्त्वाची मापं टेपनेही घ्या. माप सगळं सेंटीमीटरमध्ये. एकाने फूट-इंच आणि दुसऱ्याने सेंटीमीटर लिहिलं की रात्री कागद जुळत नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळी टेप पिशवीतच ठेवा. आधी प्रत्येक मजल्याचा हाताने आराखडा काढा आणि खोल्यांना क्रमांक द्या: तळमजला १०१ पासून, वरचा मजला २०१ पासून. हेच क्रमांक मोजमापात, फोटोंत आणि मुलाखतींत वापरायचे, म्हणजे तिन्ही गोष्टी पुढे एकमेकींना जोडता येतात.

मग चौकापासून सुरू करा. वाड्याचे सगळे सोपे, म्हणजे उघड्या पडव्या, चौकाला लागून असतात आणि वरचे मजलेही चौकाभोवतीच फिरतात, त्यामुळे चौक बिनचूक असेल तर बाकीच्या खोल्या त्याला टांगता येतात. चौकाच्या चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. जुन्या वाड्यात काटकोन क्वचितच मिळतो. कर्ण नसतील तर कागदावर चौक चौकोनी दिसेल आणि पुढच्या सगळ्या खोल्या तिरक्या बसतील. प्रत्येक खोलीचेही दोन कर्ण घ्या. भिंतीवरची दारं, कोनाडे, फडताळं मोजताना टेपचं शून्य एका कोपऱ्यावर धरून टेप भिंतभर ताणा आणि एका दमात सगळे आकडे वाचा: दार सुरू ८५, दार संपलं १७२, कोनाडा २४०. तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली तर प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात मिसळते. भिंतीची जाडी दारातून मोजा. खाली दोन-अडीच फुटांची भिंत वर पातळ होत जाते, म्हणून ती मजल्यागणिक वेगळी घ्या. वरचा मजला खालच्यावर नेमका कुठे बसतो हे कळण्यासाठी वरच्या सज्जातून चौकात ओळंबा सोडा आणि तो टेकतो तिथे खडूने खूण करून तिचं खालच्या खांबापासूनचं अंतर लिहा. अशा दोन खुणा तरी हव्यात.

उंचीसाठी एकच रेषा पुरते, पण ती पूर्ण घ्या: दिंडी दरवाजातून देवडी, चौक, सोपा, माजघर असं थेट परसापर्यंत. या रेषेवर जमिनीच्या पातळ्या, जोत्याची उंची, तुळईच्या आणि कडीपाटाच्या (लाकडी कड्या-फळ्यांच्या छताच्या) खालच्या अंगाची उंची, पायऱ्यांची संख्या आणि एका पायरीची उंची-रुंदी नोंदवा.

संध्याकाळी ताळा करा. एका रेषेतल्या खोल्यांची लांबी अधिक भिंतींची जाडी, ही बेरीज बाहेरून घेतलेल्या मापाशी जुळायला हवी. वीस मीटरमागे दहा सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालतो. फरक अर्धा-पाऊण मीटर निघाला तर एक तर कुठलं माप चुकलंय, नाहीतर भिंतीत काहीतरी आहे. फेरमोजणीतही तो तसाच राहिला तर त्या भिंतीवर बोटांनी ठोकत जा. बुजवलेलं बळद (भिंतीतलं धान्य साठवायचं कोठार), बंद केलेला जिना किंवा विटांनी भरलेली कमान पुष्कळदा अशीच सापडते. भोक मात्र पाडू नका, पाडकामात ते आपोआप उघडं होईल. नकाशावर तिथे तुटक रेषा काढून ठेवा.

पक्का नकाशा १:५० प्रमाणात काढा, म्हणजे वाड्यातला एक मीटर कागदावर दोन सेंटीमीटर. खांब, चौकट, महिरप असे तपशील १:१० मध्ये. वास्तुकला महाविद्यालयातले विद्यार्थी या कामाला आनंदाने येतात. त्यांना बोलवा, पण तुमचे हाताने काढलेले मूळ कागद त्यांच्याकडे देऊन टाकू नका, प्रत द्या.

सुरक्षिततेचं एवढंच: वरच्या मजल्यावर तिघांपेक्षा जास्त जण एका खोलीत नकोत, आणि चालताना भिंतीच्या कडेने चाला, खोलीच्या मधोमध नाही. मोरीजवळची आणि गळक्या कौलांखालची तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला कुजलेली असू शकते, बाहेरून धडधाकट दिसली तरीही. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात आणि कोरड्या होताना सुटतात, म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पालिकेने धोकादायक म्हणून रिकामी करायला सांगितलेल्या भागात शिरूच नका. तो भाग बाहेरून मोजा.

फोटोंमध्ये सगळ्यांचं लक्ष कोरीवकामाकडे जातं. केळफुलांचे आणि सुरूच्या आकाराच्या खांबांचे फोटो प्रत्येक वाड्याचे असतात. मोरीचा, जिन्याखालच्या खोलीचा, चुलीवरच्या धुराड्याचा फोटो कुणाकडेच नसतो. म्हणून नियम करा: प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, एक छताचा, एक जमिनीचा. प्रत्येक खोलीचा पहिला फोटो खोली क्रमांक लिहिलेल्या कागदाचा. दर दहा सेंटीमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवलेली मीटरभर काठी चौकटीत कुठेतरी उभी असू द्या. फ्लॅश नको, त्याने कोरीवकाम सपाट दिसतं. टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटून धरली की नक्षी उठून दिसते. दर्शनी भिंत बोळातून फोन वर करून काढली तर रेषा आत झुकतात. समोरच्या वाड्याच्या माडीवरून काढा, आणि त्यांचा तुम्ही काढून द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की आकार घटतो आणि त्यांत साठलेली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बिऱ्हाडं गेल्यानंतरचे ते आठ दिवस फार मोलाचे. पत्र्याचे आडोसे, प्लायवूडच्या भिंती आणि माळे निघाले की कित्येक वर्षांत पहिल्यांदा मूळ खण, म्हणजे दोन-दोन खांबांमधले गाळे, दिसतात. तेव्हा खांबांची जागा पुन्हा मोजा, आधीचा नकाशा दुसऱ्या रंगाने दुरुस्त करा. पाडकाम सुरू झालं की कौलं आणि वासे उतरले तो दिवस, कडीपाट निघाला तो दिवस, आणि जोतं उघडं पडलं तो दिवस असे तीन दिवस तरी लांबून उभं राहून फोटो घ्या. भिंतीच्या पोटात काय आहे, दगड, विटा की पांढरी माती, आणि कुठवर काय, हे फक्त तेव्हाच कळतं.

काकांच्या "पेशवेकालीन"बद्दल. वाड्याला एकच वय नसतं. जोतं एका शतकातलं, माडी दुसऱ्या आणि छप्पर तिसऱ्या असं सर्रास असतं. म्हणून "वाडा कधीचा?" असं न विचारता प्रत्येक भाग कधीचा ते पाहा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला, त्यामुळे ती कौलं असलेलं छप्पर त्यानंतरचं. कौल उलटं करून त्यावरचा कारखान्याचा शिक्का वाचा, कधी वर्षही असतं. लोखंडी तुळयांवर 'डॉर्मन लाँग'सारखं विलायती गिरणीचं नाव उठवलेलं असतं. ते दिसलं की तो भाग फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा किंवा विसाव्याचा. खिळे पाहा: हाताने घडवलेले चौकोनी खिळे जुने, गोल तारेचे खिळे नंतरचे. विटा चपट्या आणि पातळ असतील तर जुन्या बांधकामाची शक्यता वाढते. आणि तुळयांवर टॉर्च मारून एक गोष्ट नक्की शोधा, रिकाम्या खाचा. ज्या खाचेत काहीच बसलेलं नाही, समोर खांब नाही, कडी नाही, ती तुळई दुसऱ्या इमारतीतून आलेली असू शकते. जुनं सागवान नव्या घरात वापरणं ही नेहमीची रीत होती. त्यामुळे लाकूड पेशवाईतलं आणि वाडा १८९०चा, असंही निघू शकतं. यात वाड्याचं काही कमी होत नाही. पण पुरावा नसताना "पेशवेकालीन" लिहिलंत तर जाणकार वाचक बाकीच्या नोंदीवरही विश्वास ठेवणार नाही.

आता गेलेले सहा. हे काम अवघड वाटतं, पण त्यांच्या खुणा अनपेक्षित ठिकाणी शिल्लक असतात.

पहिली जागा म्हणजे त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचं कपाट. बहुतेक सोसायट्यांकडे मंजूर नकाशाची प्रत असते. नकाशाच्या संकेतांप्रमाणे प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी दाखवतात. तो पिवळा भाग म्हणजे गेलेल्या वाड्याचा ठसा, पुष्कळदा चौकासकट. झेरॉक्समध्ये रंग जातो, म्हणून मूळ प्रत मागा. सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, साध्या पानामागे २ रुपये, मोठ्या नकाशाचा प्रत्यक्ष खर्च, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "संबंधित सर्व माहिती" असं लिहू नका, हमखास नकार येतो. सिटी सर्व्हे नंबर, पेठ, अंदाजे मंजुरीचं वर्ष आणि "मंजूर नकाशा व त्यातील अस्तित्वातील बांधकामाचा आराखडा" एवढंच मागा, आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याचीही परवानगी मागा.

नंबरांचा गोंधळ आधीच सोडवून घ्या. जुन्या पत्त्यांत पालिकेचा घर क्रमांक असतो, मालमत्ता पत्रकावर सिटी सर्व्हे नंबर असतो, आणि दोन वाडे एकत्र करून इमारत झाली असेल तर एकत्रीकरणात एक नंबर गळालेला असतो. मालमत्ता पत्रकावरचे फेरफार खालून वर वाचत गेलात की जुने नंबर आणि जुने धारक सापडतात. जुन्या पत्रकावर क्षेत्र चौरस यार्डात असेल तर ०.८३६ ने गुणा, चौरस मीटर येतील. आठही वाड्यांचे तिन्ही प्रकारचे क्रमांक एका तक्त्यात मांडा. बोळाचा नकाशा काढायच्या आधी हा तक्ता पूर्ण झालाच पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे खरेदीखतं आणि वाटणीपत्रं, तुमचीसुद्धा. प्रत्येक खतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचा वाडा, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याचं परस. म्हणजे एका वाड्याचा कागद चार शेजाऱ्यांची साक्ष देतो. तुमच्या आणि समोरच्या वाड्याच्या कागदांतूनच निदान तीन-चार गेलेल्या वाड्यांच्या मालकांची नावं निघावीत. लांबी-रुंदी हातांत किंवा गजांत दिली असेल तर तक्ता पाहून मीटर करू नका, गज ठिकठिकाणी वेगळा होता. त्याच कागदातली एखादी भिंत अजून उभी असेल तर ती मोजा, आणि त्यावरून त्या कागदातला हात किंवा गज किती सेंटीमीटरचा होता ते काढा. तुमची भिंत पाडकामात जाणार आहे, तेव्हा हे एक माप आधीच घ्यायला हवं.

जुने कागद मोडीत असतील. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत, तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मोडी जाणणारे अभ्यासक भेटतात. वाचायला देताना कागद नाही, त्याचा चांगला फोटो द्या. घडीवर फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका. तारखेत शके असेल तर ७८ मिळवा (शके १७०० म्हणजे इसवी सन १७७८-७९), सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली दुसरी कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००.

तिसरी जागा नात्यातले अल्बम. "वाड्याचे फोटो आहेत का?" असं विचारलंत तर "नाहीत" असंच उत्तर येतं, कारण वाड्याचा फोटो काढावा असं त्या काळी कुणाच्या मनातच येत नसे. "चौकातल्या मुंजीचे फोटो आहेत का? मंगळागौरीचे? लग्नात दिंडी दरवाजात काढलेला वऱ्हाडाचा?" असं विचारा. बटूच्या मागे सोप्याचे खांब असतात, वरातीच्या मागे गणेशपट्टी असते. असा फोटो मिळाला की त्यातला एखादा ओळखीच्या मापाचा भाग शोधा, पायरी, चौकट, वीट. त्यावरून बाकीच्या उंच्या अदमासाने काढता येतात. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका आणि घराण्यांचे कुलवृत्तांत यांत "मोदी गणपतीजवळ", "पत्र्या मारुतीमागे" असे पत्ते मिळतात. कुठलं घराणं कोणत्या साली कुठे होतं, हे त्यावरून बसवता येतं. २००० नंतर पडलेल्या वाड्यांसाठी गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं पाहा. कौलारू छपराच्या मधोमध काळा चौकोन दिसला तर तो चौक.

बोळाच्या अंतिम नकाशावर खात्रीची रेषा जाड, कागदावरून बसवलेली बारीक, आणि आठवणीतून आलेली तुटक काढा. हा भेद पाळला नाही तर पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही की कुठलं काय आहे.

खांबांविषयी आमचं मत स्पष्ट आहे. सुटे कोरीव खांब ठेवू नका, एक पूर्ण खण ठेवा: दोन खांब, त्यांचे दगडी तळखडे (खांबाखालचे दगड), वरचे हात (खांबाच्या माथ्यावरचे लाकडी आधार), तुळई आणि चार-पाच कड्या. सुटा खांब पुढे दिवाणखान्यातला दिवा होतो. पूर्ण खणात मात्र वजन कुठून कुठे उतरत होतं, कुसू (लाकडाचं घडवलेलं टोक) खाचेत कसं बसत होतं, हे दिसतं. नव्या इमारतीच्या प्रवेशात तो पुन्हा उभा करता येतो, त्याची जागा आत्ताच विकसकाच्या आराखड्यात दाखवून घ्या. उतरवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर पत्र्याचा क्रमांक लावा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच खूण करा. सांध्यातल्या लाकडी खुंट्या बारीक टोकाकडून ठोकून काढायच्या, सब्बल घालून सांधा उपसला तर कुसू तुटतं, आणि मग तो खण पुन्हा जुळत नाही. हे काम पाडकामाच्या मजुरांचं नाही, एका दिवसासाठी जुन्या लाकडात मुरलेला सुतार आणा. लाकूड जमिनीला न टेकवता आडव्या ओंडक्यांवर रचा, वाळवीचं औषध करा, आणि जुना रंग काढायला ॲसिड किंवा आग वापरू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२च्या कायद्याने परदेशी नेता येत नाहीत, नात्यातल्या कुणी मागितलं तर हे सांगा. पाया खणताना नाणी किंवा दागिने निघाले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागतात, तसं १८७८च्या निखात निधीच्या कायद्यात आहे. मुकादमाला हे आधीच सांगून ठेवा.

द्यायचं कुणाकडे? एकाकडे नाही. नकाशे, फोटो आणि मुलाखती यांचे तीन संच करा. एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे, एक संस्थेत. मूळ जुने कागद देण्यासाठी इतिहास संशोधक मंडळाशी बोला. छापील संच पुणे नगर वाचन मंदिराला आणि वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या पुणे शाखेला देता येईल. रस्त्यावरून दिसणारे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकले तर कुणालाही सापडतील, घरातले आणि माणसांचे फोटो मात्र संबंधितांना विचारूनच. प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर बोळ, पेठ, आठही सिटी सर्व्हे नंबर, मोजणी कुणी केली, कुठल्या तारखांना केली आणि कुठल्या खोल्या पाहता आल्या नाहीत, हे लिहा.

पुरवणी करारात एक फलकही घाला. प्रवेशद्वाराशी, डोळ्यांच्या उंचीवर, दगडात कोरलेला, दोन फूट बाय दीड फूट, खर्च विकसकाचा, मजकूर तुमचा. त्यावर वाड्याचं नाव, सिद्ध झालेलं सगळ्यात जुनं साल, पाडल्याचं साल, आणि बोळाचा छोटा नकाशा: आठ चौकोन, आठ नावं. समोरच्या वाड्याच्या मालकांना तो मजकूर आधी दाखवा. त्यांच्याकडेही आज ना उद्या विकसक येणार, आणि तोवर तुमच्या भाच्यांचा हात मोजणीत बसलेला असेल.